कॉलिन गॅरडचा बूट

हसू नका, पोरांनो. घंटा वाजवून झाल्या, पाऊस थांबेपर्यंत बसायचंच आहे, तर ऐका. लेन पर्किस माझ्याबरोबर चर्चच्या छपरांवर शिशाचे पत्रे बसवायचा. सतरा नोव्हेंबर, गुरुवार, रात्रीचे सव्वानऊ. गॅरडबाईंची केकची रिकामी थाळी परत द्यायला लेन निघाला. थाळी हे निमित्त. खरं तर त्याला कबुली द्यायची होती.

याच चर्चचं जुनं छप्पर आम्ही उतरवलं होतं. शिशावर बुटांच्या आकृत्या असतात, तुम्हाला ठाऊकच आहे. कामगार असो की गावातलं पोर, वर चढलं की बुटाभोवती रेघ कोरायची, खाली नाव अन् साल. त्यात गॅरडबाईंच्या कॉलिनचाही बूट होता. सात वर्षांचं पोर. पुढच्याच हिवाळ्यात तापानं गेलं.

"तेवढा तुकडा मला कापून द्या रे," म्हातारी म्हणाली. लेननं शब्द दिला. अन् पावसाच्या घाईत तो पत्रा वितळवायला गेला. ट्रकवर मीच चढवला. अजून मन खातं माझं.

मग लेननं दुसऱ्या तुकड्यावर स्वतःच्या नातवाचा, जेमचा, उजवा बूट ठेवून रेघ कोरली. खाली कॉलिनचं नाव अन् साल घातलं. बाईंनी तुकडा छातीशी धरला. आणि त्याला केक दिला.

त्या रात्री दार उघडून बाई म्हणाल्या, "थाळीची कसली घाई होती, बाळा? ये, गंमत दाखवते."

टेबलावर तो तुकडा. त्यावर कॉलिनचा खरा उजवा बूट, बाईंनी साठ वर्षं जपलेला.

"पहिल्या दिवशी हा बूट रेघेत अंगठाभर लहान पडला बघ. तुला कशाला बोल लावू? मी कॉलिनलाच म्हटलं, थोडा मोठा हो की रे, राजा…"

"बाई, मला तुम्हाला एक…"

"आता बघ."

बूट रेघेवर नेमका बसला होता. तेच जुनं चामडं. तीच झिजलेली टाच. फक्त… मोठा.

बाई हसत होत्या. रिकाम्या माडीवर एक पाऊल वाजलं. एकच.

मग काही नाही…

कबुली न देताच लेन घरी पळाला.

सकाळी जेम शाळेला निघाला, अन् दारातच थांबला. "आजोबा, हा बूट सैल झालाय."

डावा नीट होता.

बाईंना खरं सांगायला लेन अजून गेलेला नाही. मीही नाही. जेमच्या उजव्या बुटात मात्र रोज अंगठाभर कापूस भरावा लागतो.