एकेचाळीस नंबरच्या गाडीतलं बिऱ्हाड

"पुंजाजी, हे काय होय? बोल ना!"

हरिसिंग जमादारानं मूठभर तांबडी पिसं बेबीच्या आबांच्या नाकापुढे धरली होती. आबा चुलीपाशी बसून चहा गाळत होते. फडकं तसंच हातात राहिलं.

"कोंबडीचे पिसं दिसतात," आबा म्हणाले.

"दिसतात! तुह्याच गाडीखाली सापडले! तीन दिवसांत माह्या तीन कोंबड्या गेल्या!"

चौऱ्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी. कारंज्याच्या जिनिंगसमोर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यासमोर, कापसाच्या गाड्यांची ही लांब रांग लागली होती. सरकारी खरेदी सुरू झाली होती आणि नंबर यायला आठ-आठ दिवस लागत. तोवर बैल कोण अडकवून ठेवणार? घरी गव्हाची पेरणी खोळंबलेली! म्हणून लोक भरली गाडी रांगेत उभी करत, बैल घेऊन गावी परतत आणि राखणीला घरातलं म्हातारं माणूस ठेवत. आबांची गाडी एकेचाळीस नंबरची, भिंतीच्या कडेला, बाभळीखाली. आबा रात्री इतर म्हाताऱ्यांबरोबर पलीकडे शेकोटीपाशी झोपत. आबांना भाकरी थापून द्यायला म्हणून बेबी सोबत आली होती. खरं म्हणजे तिला कारंजं पाहायचं होतं!

"उद्या तुहा नंबर हाय ना?" जिनिंगची रांग सांभाळणारा जमादार गरजला. "त्याच्याआधी साऱ्यांसमोर तुह्या कापसात लोखंडी गज घालून पाहतो. कोंबडी लपवलेली निघाली की नंबर कटला. जाय शेवटी!"

शेवटी जायचं म्हणजे पुन्हा आठ दिवस. पण तेवढंच असतं तर बेबीला एवढं लागलं नसतं. रांगेतली माणसं, रोज आबांच्या चुलीवर विस्तव मागायला येणारी माणसं, खाली मान घालून गप्प उभी होती. एकानंही 'पुंजाजी असं करणार नाही' म्हणून तोंड उघडलं नाही. आबांनी चहा तसाच ठेवला. दुपारी भाकरीलाही हात लावला नाही. बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

अडतीस नंबरच्या गाडीवरचा इंद्रभान आणि चव्वेचाळीसवरचा रूपला हे तिचे आठवड्याभराचे दोस्त. तिघं बाभळीखाली जमली.

"खरा चोर आपण धरू," बेबी म्हणाली.

"आन त्याच्या हातात दांडकं असलं तर?" इंद्रभाननं विचारलं.

"तर तुले पुढे करू. तू जाडा हायेस!" रूपला म्हणाला.

"मी जाडा नाही बे! माहे हाडं मोठे हायेत!"

"गप बसा दोघं! रूपला, तू तांड्यावरचा. तुले माग काढता येते ना?"

"माती मऊ असली तर. अथी तर सारा मुरूम हाय."

बेबीनं चुलीकडे पाहिलं आणि टुणकन उडी मारली. "राख!"

संध्याकाळी हरिसिंग बाजारात गेल्यावर तिघांनी चुलीचुलीची राख गोळा केली, फडक्यातून गाळली आणि तीन ठिकाणी पसरली: जमादाराच्या खोलीमागच्या कोंबड्यांच्या खुराड्यासमोर, भिंतीच्या पायथ्याशी आणि आबांच्या गाडीभोवती. इंद्रभानला शिंकांवर शिंका आल्या. बेबीनं त्याचं नाकच दाबून धरलं!

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं धावली. तिन्ही ठिकाणी राखेत गोल गोल ठसे होते! रूपला गुडघ्यांवर बसला.

"कुत्रं नाही. कुत्र्याचे नखं उमटतात. हे नखं आत ओढून चालते. मांजर हाय. पण घरचं नाही. पंजा पाहा केवढा!"

माग खुराड्यापासून निघाला होता, भिंतीवरून उतरला होता आणि थेट एकेचाळीस नंबरच्या गाडीशी येऊन थांबला होता. फळीवर ओरखडे होते. बेबी चाकावर पाय देऊन वर चढली. मागच्या कोपऱ्यात, बारदानाखाली, कापसात खोल बीळ पडलं होतं. तिनं आत डोकावलं.

"फिस्स्!"

बेबी पडतापडता वाचली. आत तीन पिल्लं होती! मातकट रंग, टोकदार कान आणि कानांच्या टोकांवर काळे केस. इवलाले दात विचकून ती बेबीलाच घाबरवत होती. आसपास थोडी पिसं होती आणि उंदरांच्या शेपट्यांचा तर खच पडला होता.

"रानमांजर!" रूपला कुजबुजला. "ऊबदार, मऊ, आन माणूस फिरकत नाही. पिलांसाठी बरी जागा धुंडली!"

"चाल, आबाले सांगू!" इंद्रभान म्हणाला.

पण सांगायला वेळ कुठला? हातभर लांब गज घेऊन हरिसिंग येतच होता. त्याच्यामागे अर्धी रांग. गज कापसात शिरला असता तर पिल्लांचं काय झालं असतं, हे सांगायला नकोच. बेबी त्या बिळावरच मांडी घालून बसली.

"उतर खाली, पोरी!"

"नाही उतरत!"

"म्हणजे माल तिच्या खालीच हाय!" जमादारानं गज उगारला.

"बेबे, उतर माय," आबा शांतपणे म्हणाले. "पाहू दे त्याले. माह्या कापसात काही नाही."

बेबीनं बिळावरचं बारदान घट्ट धरलं. "हाय, आबा! पण तुमी ठेवलेलं नाही!" मग ती जमादाराकडे वळली. "काका, गज मंग घाला. आधी सांगा, खुराड्याले कडी कोण लावते?"

"मीच! रोज, माह्या हातानं!"

"दाखवा मंग साऱ्यांले!"

गर्दीला तमाशा हवाच होता. सगळे खुराड्याकडे निघाले. निघताना बेबीनं रूपलाला डोळा मारला.

खुराड्याची कडी लावलेली होती खरी! पण ती ज्या कोयंड्यात अडकवायची, त्याचा खिळाच उपटून आला होता. इंद्रभाननं करंगळीनं दार ढकललं. दार उघडलं, आणि उरलेल्या चार कोंबड्या ऐटीत बाहेर आल्या. हशा पिकला!

"आन हे पाहा चोराचे पाय!" बेबीनं राखेतले ठसे दाखवले. गर्दी मागामागानं पुन्हा गाडीपाशी आली. बारदान उचललं गेलं. पिसं, शेपट्या, ऊबदार खळगा... आणि पिल्लं?

"कुठं हाय ते मांजर? ठारच करतो!" हरिसिंग ओरडला.

"बिऱ्हाड हाललं, काका!" रूपला हाश्शहुश्श करत म्हणाला. त्याच्या अंगावर घोंगडी होती आणि मनगटावर दोन ताजे ओरखडे.

कापूस तपासणारे साहेब गलका ऐकून आले होते. त्यांनी शेपट्यांचा ढीग पाहिला आणि मोठ्यानं हसले. "जमादार, आपल्या गोदामातले उंदीर हटत नाहीत म्हणून तुम्हीच तक्रार करत होता ना? या मांजरीला तर पगार द्यायला हवा! आणि मुलांनो, शाब्बास! गज न घालता कापूस कसा तपासायचा, ते आज तुम्ही आम्हाला शिकवलंत."

मुलांचं अर्धं लक्ष मात्र भिंतीपलीकडे, नाल्याच्या काठच्या झुडपात होतं. सगळे खुराड्याकडे गेले होते, तेवढ्यात रूपलानं पिल्लं घोंगडीनं धरून टोपलीत घातली आणि तिथे नेऊन ठेवली होती. तिघं भिंतीआडून पाहत बसली. बराच वेळ काहीच हललं नाही. मग गवत दुभंगलं. मांजरी आली, पिल्लांना हुंगून गेली, परत आली आणि एकाला मानगुटीला धरून घेऊन गेली. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. इंद्रभाननं एवढा मोठा श्वास सोडला की त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं!

तेवढ्यात पुकारा झाला. "एकेचाळीस!"

गाडी वजनकाट्यापर्यंत न्यायची होती. सगळ्यांच्या आधी हरिसिंग पुढे आला. त्यानं मान जुवाखाली घातली, पण गाडी ओढायच्या आधी तो थांबला.

"पुंजाजीभाऊ, साऱ्यांसमोर बोललो होतो. आता साऱ्यांसमोरच माफी मागतो. माह्यं चुकलं."

"खिळा ठोक आधी," आबा म्हणाले. "नाहीतर उद्या पुन्हा मले विचारशील!"

लोक हसत हसत गाडीला भिडले. काल गप्प बसलेले सगळे आज जोर लावत होते. गाडी करकरत हलली. काट्यावर कारकुनानं नाव विचारलं, आणि आबांनी ते ताठ मानेनं, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं सांगितलं.

आणि इथे, दोन दिवस टिपूस न काढलेली बेबी हमसून हमसून रडायला लागली!

"वो माय! आता कायले रडतं?" आबा घाबरले. "सारं नीट झालं ना!"

"म्हणूनच तं रडून राह्यली, आबा!" बेबी नाक पुसत म्हणाली. "आता रडलं तं चालते!"

आबांनी तिला जवळ घेतलं आणि विचारलं, "भाकरी उरली हाय का वो? लय भूक लागली."