पारवा सदरा

"खिडकी मला देतो म्हणालास आणि स्वतःच बसलास," माझी नणंद पुढच्या सीटवर पुटपुटली. "आजारी आहेस म्हणून गप्प बसतेय हं, दादा."

"आजारी आहे म्हणून तर हवीय. नंतर सगळ्या खिडक्या तुलाच," माझा नवरा म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकत सुटला.

तिने तोंड फिरवलं. मी पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागले. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडात धरून जे सांगितलं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. तो शब्द मात्र घरात कुणी उच्चारला नव्हता. त्याऐवजी आम्ही सहलीला निघालो होतो. नवरा शिवणयंत्रं दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात आम्ही जात होतो त्याच गावाचं चित्र असलेलं एक कॅलेंडर होतं. वर्ष कधीच संपलं होतं, पण ते त्याने उतरवलं नव्हतं.

गाव हुबेहूब चित्रासारखं निघालं. परक्या राज्यकर्त्यांनी ते वसवलं होतं. ते निघून गेले, घरं राहिली. उतरत्या फरसबंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच दारं, लाकडी सज्जे, आणि भिंती लिंबोळी, चिंतामणी, गुलबक्षी, पिस्ता.

"घरं आहेत की वाळत घातलेली झबली?" नणंद म्हणाली.

बसमधून उतरताना नवऱ्याचा सदरा दाराच्या पत्र्यात अडकून कोपरावर फाटला. माझा धंदाच रफूचा. मला शिकवलं कुणी नाही, फाटक्या कपड्यांनीच शिकवलं. पण रंगाच्या बाबतीत माझा डोळा फसत नाही, एवढाच काय तो माझा तोरा. सदरा पारवा होता, कबुतराच्या पंखासारखा राखाडी. खोलीत पोचल्यावर पिशवीतल्या रिळाचा दोरा काढून मी तो रफू करून दिला. कुठे फाटला होता ते मलाही शोधावं लागलं असतं.

खोली अबोली रंगाची होती. सज्ज्यात एक वेताची खुर्ची. नवरा तिच्यात बसला, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि म्हणाला, "अगं, इथे श्वास लागत नाही."

खरंच लागत नव्हता. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला. नणंदेने आणि मी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. दृष्ट लागेल अशी भीती वाटली असावी.

समोरच्या घरांच्या सज्ज्यांतही माणसं बसलेली होती. प्रत्येक सज्ज्यात एकच, हात गुडघ्यांवर. गुलबक्षी भिंतीपुढे गुलबक्षी झग्यातली म्हातारी, चिंतामणी भिंतीपुढे त्याच रंगाच्या कोटातला माणूस. पाहुण्यांना बरं दिसावं म्हणून गावाने ही हौस केली असेल, असं मला वाटलं.

"तुमच्याकडे भिंतीला जुळतील असे कपडे घालतात वाटतं?" मी खोली भाड्याने देणाऱ्या मालकीणबाईंना विचारलं.

त्या उशीला अभ्रा चढवत होत्या. "नाही," म्हणाल्या. "घालत नाहीत." आणि दुसरी उशी घेतली. आम्ही किती दिवस राहणार हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं. नंतरही कधी विचारलं नाही.

गावाबाहेर तळ्याकाठी एक कडा आहे. त्यात फार जुन्या मूर्ती कोरल्या आहेत. त्या पाहायला आम्ही वाटाड्याबरोबर निघालो. शेवटचं घर मागे पडलं, रस्ता टेकडीला वळला, आणि नवऱ्याला खोकल्याची उबळ आली. रुमाल लाल झाला. तरी तो हट्टाने चालत राहिला.

तळं निळंशार होतं. काठाला लव्हाळी, आणि एकही पक्षी नाही. कड्यात ओळीने बसलेली माणसं कोरली होती, हात गुडघ्यांवर. नाकं-डोळे झिजून गेलेले, पण वस्त्रांच्या चुण्यांत रंग टिकून होता. मी जवळ गेले. लिंबोळी. चिंतामणी. पिस्ता. अबोलीसुद्धा. तशीच छटा. मी चुकत नाही.

"हा रंग त्या परक्यांनीच आणला असेल ना?" नणंदेने विचारलं.

"ते आले तेव्हा रंग होताच," वाटाड्या म्हणाला. "त्यांनी फक्त घरं बांधली." मग त्याने माझ्या नवऱ्याच्या निळसर पडलेल्या ओठांकडे पाहिलं. "यांना गावात न्या. पटकन."

सज्ज्यात परत बसवल्यावर घटकाभरात तो शीळ घालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्याच्या कोपरावर एक राखाडी डाग दिसला. चिखल असेल म्हणून नखाने खरवडला. डाग नव्हता. तो माझा रफू होता.

मी सदरा काढायला लावला आणि रस्त्यावर उघड्या उन्हात नेला. भिंतीची झाक पडत असेल, असं स्वतःला समजावलं. रीळ शेजारी धरलं. दोरा दोऱ्याला जुळत होता. कापड कशालाच जुळत नव्हतं. ते अबोली झालं होतं, शिवणीच्या आतपर्यंत. आणि सदरा मी धुतलासुद्धा नव्हता.

नणंदेला दाखवला. तिने बराच वेळ तो हातात धरला.

"पण खोकला थांबलाय ना?" ती म्हणाली.

"थांबलाय."

"मग घाल त्याला."

मी घातला.

मालकीणबाईंच्या खोलीत एक जुनं शिवणयंत्र अडून पडलं होतं. नवऱ्याला तेवढाच विरंगुळा, म्हणून मी ते सज्ज्यात आणवलं. एरवी कुणाच्याही घरी यंत्र कुरकुरलं की हा माणूस जेवणावरून उठायचा. आत्ता त्याने चाकावरून हात फिरवला.

"छान आहे," म्हणाला. "काय करतात याने?"

नणंद मोठ्याने हसली. "दादा, पुरे तुझी नाटकं!"

तोही हसला, कुणाचं मन राखावं म्हणून हसतात तसा. मग आदबीने तिला विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

मी त्याची नखं पाहिली. अबोली. आजारी माणसाची नखं अशी गुलाबी दिसली तर कोणत्याही बायकोला आनंद व्हावा.

त्याच दुपारी मी सामान बांधलं. नणंद विरोध करेल असं वाटलं होतं. तिने त्याच्या चपला पुसून दारात ठेवल्या. तो आमच्याबरोबर निघाला, परक्या माणसांना स्टँडपर्यंत सोडायला जावं तसा. मालकीणबाईंनी खुर्ची आत घेतली नाही.

बसमध्ये त्याला खिडकीशी बसवलं. टेकडीचं वळण आलं.

त्याच्या गालांवरचा रंग उतरला. छाती भात्यासारखी वाजू लागली. आणि त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांनी.

"अगं," तो म्हणाला, "रडतेस काय? तुझं रीळ कुणी पळवलं का?"

हा त्याचा जुना थट्टेचा बोल होता. लग्नाच्या आधीचा, तो माझं यंत्र दुरुस्त करायला यायचा तेव्हाचा. मी त्याचा हात घट्ट धरला. त्यानेही माझा धरला. पकड चांगली होती.

मग रक्त आलं. रुमालात मावेना इतकं.

"थांबवा!" मी ओरडले. कुणाला विचारलं नाही. त्यालाही नाही. त्याने मान हलवली होती. ती 'नको' म्हणून हलवली, हे मला दिसलं होतं.

आम्ही दोघींनी त्याला खांद्यांवर घेतलं आणि मागे फिरलो.

वळण ओलांडलं, तसा त्याचा श्वास मोकळा झाला.

पहिलं घर आलं, तसा तो स्वतःच्या पायांनी चालू लागला.

माझ्या हातातली त्याची बोटं सैल होत गेली. गुलबक्षी घराशी मला अजून त्यांचा दाब जाणवत होता. चिंतामणी घराशी मीच एकटी हात धरून होते.

तो जिना चढला, खुर्चीत बसला. मालकीणबाईंनी समोर संत्री ठेवली होती. त्याने एक उचललं आणि शांतपणे सोलायला घेतलं. गाल भरलेले, डोळे निवांत. इतका बरा तो कित्येक वर्षांत दिसला नव्हता. कोपरावर माझा राखाडी चौकोन. त्याच्या अंगावर तेवढाच परका दिसत होता.

नणंद उंबऱ्यात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी," ती म्हणाली, "दादा गेला."

संत्रं सोलणारे हात थांबले. त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर अगदी खरा कळवळा होता.

"वाईट झालं, ताई," तो मला म्हणाला. "कोण होते तुमचे?"