नंतेझाची कलोली आणि फुकटचं सॉफ्टवेअर

सोमवारी दुपारी एन्टिंडा भागातल्या, कामासाठी टेबल भाड्याने मिळणाऱ्या हॉलमध्ये एकच खुर्ची रिकामी होती, नंतेझाच्या शेजारची. पावसात अर्धवट भिजलेला एक तरुण त्या खुर्चीवर येऊन बसला.

नंतेझा तेव्हा वैतागली होती. कचऱ्यावर ऐटीत फिरणारा कलोली पक्षी ती पडद्यावर चालवून बघत होती... बारा फ्रेम, प्रत्येक फ्रेमला रेषेचा, रंगाचा आणि अक्षरांचा वेगळा लेअर. लसीची माहिती ही कलोली चार भाषांत सांगणार होती, म्हणून अक्षरं सुटी हवीत. शुक्रवारी काम द्यायचं, आणि नेमकी आज तिच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली. समोर तीन नवी सॉफ्टवेअर उघडून ती बसली होती.

"पहिलं घेऊ नका," शेजारून आवाज आला. "सेव्ह करताना सगळे लेअर एकात चेपतं."

तिने मान वळवली. डोळे हसरे होते... म्हणून तर ती सावध झाली.

त्याचं नाव लुबेगा. दुसरं सॉफ्टवेअर देखणं, पण चित्रं नेटवर ठेवतं. तिसरं दिसायला साधं, फुकट, पण फाइल आपल्याच मशीनमध्ये राहते, असं त्याने सांगितलं. "हेच घ्या."

"तुम्हाला काय मिळणार यातून?"

"काही नाही. सातव्या फ्रेममध्ये तुमची कलोली लंगडते, तेवढं बघवत नाही."

लंगडत होती खरी. ते त्याने इतक्या लगेच हेरावं, हे तिला खुपलं. गेल्या वर्षी रंग भरायला म्हणून तिने आपल्या भागीदाराला मूळ फाइल दिली होती. महिन्याभरात तिने काढलेलं माकड त्याच्या नावाने शहरभर झळकलं. तेव्हापासून फुकट सल्ला देणाऱ्याकडे ती आधी संशयानेच बघायची.

सॉफ्टवेअर मात्र खरंच चांगलं निघालं. मागची फ्रेम पुसट दिसायची, पाय नेमका पडायचा. मंगळवारी लुबेगा तिच्यासाठी गरम रोलेक्स घेऊन आला, ऑम्लेट गुंडाळलेली चपाती. तिने आधी त्याला एक घास खायला लावला.

"विष नाहीये," तो म्हणाला.

"अजून कळायचंय," ती म्हणाली... आणि हसू दाबायला तिला खिडकीकडे बघावं लागलं.

बुधवारी त्याने विचारलं, "मूळ फाइल कुठे ठेवता? नेटवर नाही ना?"

तिचं हसू गेलं. हॉल सांभाळणाऱ्या पेरुसी आंटीकडे तिने सहज चौकशी केली. आंटी म्हणाली, तो कोलोलोतल्या जाहिरात कंपनीत आहे. जुना भागीदार आता तिथेच होता.

गुरुवारी तो आला तशी तिने लॅपटॉप मिटला. "कोणी पाठवलं तुम्हाला?"

लुबेगाने खुर्ची ओढली, पण बसला नाही. म्हणाला, "तुमच्या जुन्या भागीदाराने. ओळख काढ, दुसरं सॉफ्टवेअर गळ्यात मार, फाइल नेटवर आली की पुढचं आम्ही बघतो, असं सांगितलं होतं."

"मग तिसरं का सुचवलंत?"

"तुम्ही एका पायासाठी तासभर खोडत होतात... मला नाही जमलं. दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली."

यावर कोण विश्वास ठेवील? तिने त्याच्यासमोरच कंपनीत फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, लुबेगा मंगळवारपासून येत नाहीत.

फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

"मंगळवारपासून काम नव्हतं, तर इथे कशाला येत होतास?"

"तुला बघायला," तो म्हणाला. नजर मात्र टेबलावर. "सांगणारच होतो. रोज वाटायचं, सांगितलं की तू उठून जाशील."

ती उठली नाही. लॅपटॉप उघडला, पण पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

"फाइल मिळणार नाही."

"नकोच आहे."

"माझा विश्वास बसायला फार दिवस लागतील, लुबेगा."

"मला कुठे जायचंय? नोकरी तर गेली."

या वेळी तिने हसू दाबलं नाही. "लुगांडा भाषेतली अक्षरं वाचून दाखव," ती म्हणाली, "चुकलास तर चहा तुझ्याकडून." आणि चारही भाषांतल्या अक्षरांचा कागद त्याच्या हातात देताना तिची बोटं तिथेच थोडी रेंगाळली.