ढाण्या नदीपार

"काय हाय वो पोत्यात?"

पंचफुला अरुणावतीच्या पात्रात मधोमध उभी होती. पौषातलं गुडघाभर पाणी, हाडात शिरणारं. पातळ वर खोचलेलं, खांद्यावर पोतं, पोत्यात बोका. आणि पलीकडच्या काठावर मुळ्याच्या जुड्या धूत बसलेला एक अनोळखी पोरगा तिला हटकत होता, जणू काही नदी त्याच्या बापाचीच!

तिच्या जिभेवर उत्तर तयार होतं. ते नेहमीच असायचं. मानोऱ्याच्या बाजारात तिच्याशी वांग्यांचा भाव करताना भल्याभल्यांना घाम फुटे. पण आज तिनं ओठ घट्ट मिटले. मांजर नदीपार सोडायला नेणाऱ्यानं बोलायचं नसतं. बोललं की त्या आवाजाच्या मागावर ते घरी परत येतं. मागं वळून पाहिलं तरी येतं. आणि मांजर मारायचं पाप तर काशीला जाऊनही फिटत नाही. या भागात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

पोतं खांद्यावरच गुरगुरलं.

पोराचा चेहरा एकदम उजळला. "हाव काय! बोका सोडाले चालल्या… मंग बोलू नका. बिलकुल बोलू नका."

त्यानं हातातली जुडी बाजूला ठेवली आणि ऐसपैस मांडी घातली. तिथंच पंचफुलाच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. हा माणूस काही सरळ नव्हे.

"म्या नथ्थू," तो म्हणाला. "हा मुळ्याचा मळा आमचा. तुमचं नाव पुसलं असतं… पण तुमी सांगता कशाच्या! दूध पेत असन न बोका? बोक्याची जातच थे. सोडा खुशाल आमच्याकडे. आमच्या इथं मांजर नाई, उंदरंच उंदरं हायेत. दुष्काळातबी एक उपाशी मेला नाई."

दूध नाही रे मेल्या, तिच्या मनात आलं. दूध प्यायला असता, तर एवढी यातायात कोण करतं? माझ्या मांजरीला, ठकीला बुकलून काढतो हा. तिला ताटलीजवळ फिरकू देत नाही, माळ्यावर चढू देत नाही. छपराच्या कवेलूंवर रोज नुसता धिंगाणा. पण यातलं एक अक्षर बोलायची सोय नव्हती.

"रागानं पाहाले मनाई नाई वाटते," नथ्थू म्हणाला. "बरं हाय. चांगलं दिसते."

पंचफुलाचे कान तापले. तिनं काठावर चढून पोतं मोकळं केलं. पट्ट्यापट्ट्यांचा तो दांडगा ढाण्या उसळून बाहेर पडला आणि मुळ्यांच्या वाफ्यात दिसेनासा झाला. ती तडक माघारी फिरली.

"मांगं पाहू नका बरं…" मागून आवाज आला. "म्या पाहून राह्यलो, तेवढं पुरे."

तिनं मागं पाहिलं नाही. पण नदी ओलांडून होईस्तोवर पाठीला कुणाची तरी नजर लागतेय, हे तिला चांगलं जाणवत होतं.

चार-आठ दिवस घर शांत होतं. ठकी चुलीपाशी पाय ताणून झोपू लागली. आणि एका सकाळी कवेलू खडखडले. ओरडणं, फिस्कारणं, धपकन काहीतरी अंगणात… पंचफुला धावली. ठकीचा कान फाटला होता. आणि वर वळचणीला ढाण्या शांतपणे पंजा चाटत बसला होता.

"बोलली असशीन तू," तिची माय गिरजाबाई म्हणाली.

"नाई बोलली."

"मंग मांगं पाह्यलं असशीन."

"नाई वं माय!"

गिरजाबाईनं लेकीकडं रोखून पाहिलं. संशय हा या घरातल्या बायकांचा वंशपरंपरेचा गुण होता. दुकानातून आणलेलं तेल ही बाई घरी पुन्हा मापून घ्यायची. "पाह्य, पंचफुले, रोजची ही कटकट मले सोसत नाई. बोका कोणाचाच नाई, त्याले कोण आवरणार? हा पुन्हा आला, तं ठकीच जाईन. रिठदच्या मावशीकडे देऊन टाकतो तिले."

पंचफुलानं ठकीला उचलून पोटाशी घेतलं. डोळे न उघडलेल्या ठकीला तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं होतं. दुष्काळात, स्वतःच्या वाट्याचं. ठकी रिठदला? छे!

ती पुन्हा ढाण्याकडं पाहू लागली आणि तिचे डोळे बारीक झाले. नदीपारहून पायी आलेला बोका असा गुबगुबीत? मिशा ताकानं माखलेल्या? आणि मध्ये गुडघाभर पाण्याची नदी असताना पायाचं नखसुद्धा ओलं नाही?

हा आला नव्हता. ह्याला कुणीतरी आणलं होतं.

बाजारात तिनं नथ्थूला बरोबर हुडकून काढलं. मुळ्यांच्या ढिगामागं बसला होता. ती समोर जाऊन उभी राहिली आणि घरी बसलेल्या बोक्याचंच तिनं मुद्दाम विचारलं.

"बोका कोठी हाय?"

नथ्थूनं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा गाजरासारखा झाला. "अं… मुळे… पाह्यजेत?"

"बोका पुसला म्या."

"ताजे हायेत…" त्याच्या हातातून तराजूचं पारडं निसटलं. त्यानं एक जुडी उचलून तिच्यापुढं धरली, मग दुसरी, आणि शेवटी खाली मान घालून नुसताच बसून राहिला. नदीवर वटवट करणारा तो हाच का, अशी शंका यावी! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? मुळे न घेता ती परतली. पण परतताना त्याच्या त्या लाल कानांची आठवण काही डोक्यातून जाईना, आणि त्याचाही तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी ढाण्याला पुन्हा पोत्यात कोंबून ती नदीवर गेली. नथ्थू तिथं होताच. हातात ना मुळा, ना जुडी. नुसता उभा.

"आल्या…" तो म्हणाला, आणि बाजारात हरवलेला त्याचा आवाज जागच्या जागी परत आला. "काल बाजारात तुमी बोलल्या अन् माह्यं तं पाणीच झालं. तुमी बोलता तवा मले काई सुचत नाई. मागच्या दिवाळीपासून पाहून राह्यलो म्या. तुमी वांगे विकता न, तवा पह्यले गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहता, मंग भाव सांगता. म्हाताऱ्या बाईले कमी. पोलिसाले जास्त."

पंचफुला पाण्यातच थांबली. ही गोष्ट तिच्या मायलासुद्धा माहीत नव्हती.

"रोज ठरवतो, आज बोलू… जीभच टाळ्याले चिपकते. इथं बरं हाय. इथं तुमाले बोलता येत नाई, तं मले येते." तो थोडा थांबला. "हसल्या काय? हसाले मनाई हाय काय वो, की चालते?"

ती हसली नव्हती. हसू आलं होतं, ते तिनं ओठांत दाबून धरलं होतं. ढाण्याला सोडून ती माघारी वळली, तेव्हा पाण्याचा गारठा तिला मुळीच जाणवला नाही.

आणि मग एक भलतंच घडू लागलं. सकाळी उठली की तिचं लक्ष कवेलूंकडं जाई. खडखडले का? नाही. दुपारी पुन्हा पाही. नाही. का नाही आला अजून? स्वतःच्याच मनाचा तिला संशय येऊ लागला.

एका संध्याकाळी कवेलू खडखडले, तेव्हा पंचफुलाच्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर आनंद. आला! उद्या नदीवर जायचं!

तेवढ्यात ठकीची किंकाळी आली.

ती कोपऱ्यात सांदीला चिकटून बसली होती. डावा डोळा रक्तानं मिटलेला. पंचफुलानं तिला मांडीवर घेतलं, हळदीच्या कोमट पाण्यानं डोळा पुसला, आणि पुसता पुसता तिला हुंदका फुटला. आपण खूश झालो होतो. ठकीचा जीव जात होता आणि आपण खूश झालो होतो!

"बाजाराच्या दिवशी नेतो तिले रिठदले," गिरजाबाई हळूच म्हणाली. आज तिच्या आवाजात धार नव्हती, म्हणून तर ते जास्त लागलं.

सकाळी पंचफुला नदीवर गेली. खांद्यावर पोतं नव्हतं. ते पाहताच नथ्थूच्या तोंडचं पाणी पळालं.

"बोका तुमीच आणून सोडता न?"

त्यानं मान खाली घातली.

"बोला! आता कोठी गेली जीभ?"

"हाव," तो कसाबसा म्हणाला. "मीच."

"काहून?"

"तुमी… पोतं घेऊन येता, तवाच मले…" पुढचं त्याला जमलं नाही.

"माह्या ठकीचा डोळा फोडला त्यानं! माय आता तिले रिठदले धाडते!"

"ठकी?" नथ्थू बघतच राहिला. "ठकी कोण?"

"माही मांजर! तिच्या जिवावर उठला थो बोका. म्हणून सोडत होती म्या त्याले. दूध कोण पेते?"

नथ्थूचा चेहरा पांढराफटक पडला. "मांजर हाय तुमच्या घरी… मले नाई मालूम. तुमी बोलल्याच नाई…"

"बोलू कशी?" तिचा आवाज चिरकला. बोलायची सोय नव्हती म्हणून हा बोलत होता, आणि बोलायची सोय नव्हती म्हणूनच हिला सांगता आलं नव्हतं. "दिवाळीपासून पाहून राह्यले न तुमी? एवढं नाई दिसलं? खरं काय ते मले कसं समजन? पोतं असलं की एक नथ्थू, नसलं की दुसरा. भरोसा कोणावर ठेवू म्या?"

उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं. पंचफुला वळली आणि या वेळी तिला मागं पाहावंसंही वाटलं नाही. निदान तिनं स्वतःला तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाई अंगण झाडत होती, तोच दारात एक पोरगा येऊन उभा राहिला. काखेत रिकामं पोतं, कपाळावर घाम.

"कोण रे बापा तू?"

"मावशी," नथ्थू म्हणाला. "म्या नदीपारचा नथ्थू. तुमचा बोका… म्हणजे थो बोका… मीच आणून सोडत होतो. दोन्ही बार. चूक माही हाय. आता घरी घेऊन जातो, तिथंच ठेवतो. ठकीले… रिठदले नका पाठवू."

"काहून आणत होता?"

नथ्थूनं दारात उभ्या असलेल्या पंचफुलाकडं पाहिलं. मग जमिनीकडं. कान लाल झाले.

"अस्सं!" गिरजाबाई म्हणाली आणि झाडू भिंतीला टेकवला. "अस्सं हाय काय!"

आधी तो ठकीपुढं उकिडवा बसला. तिचा डोळा आता किलकिला उघडत होता. ती त्याच्यावर फिस्कारली. "बरोबर हाय तुह्यं," तो तिला म्हणाला. मग तो कवेलूंवर चढला. दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडून घेत त्यानं ढाण्याला पोत्यात घातलं आणि खाली उतरला.

"आता मुकाट्यानं जाय," गिरजाबाईनं बजावलं. "बोलू नको. मांगं पाहू नको."

तो निघाला. पंचफुलाही मागोमाग निघाली. "नदी ओलांडते का नाई, पाह्यतो म्या," ती मायला म्हणाली. "ह्याचा काय भरोसा?"

वाटभर तो पुढं, ती मागं. बोलू शकणारी आज तीच होती. नदीच्या काठावर तो पाण्यात उतरला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"ऐका… मायपुढं बोलले तुमी. पोतं रिकामं असताना बोलले. म्या ऐकलं."

तो पाण्यात थांबला. पाठमोराच.

"बोका पुन्हा आला, तं तुमचं तोंड पाहणार नाई म्या. अन्… नाई आला…" हे बोलणं काही वांग्याच्या भावासारखं सोपं नव्हतं. "नाई आला, तरी तुमी या. पोतं आणू नका. तुमच्या बापाले आणा. माह्या मायपाशी बोलाले. म्या नाई म्हणणार नाई."

नथ्थू हलला नाही. मागं वळला नाही. ना हो, ना नाही. मग हळूहळू चालू लागला, पाणी ओलांडून काठ चढला, मुळ्यांच्या वाफ्यांतून पार झोपडीकडं गेला आणि दिसेनासा झाला.

पंचफुला उभीच राहिली. गेला! एवढं तोंडानं बोलून दाखवलं, आणि हा सरळ निघून गेला? पोटातला जुना संशय फणा काढून उभा राहिला. हसत असेल आता घरी. कुणाला तरी सांगत असेल. आपणच खुळ्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात झोपडीचं दार धाडकन आपटलं. कडी घातल्याचा आवाज आला. आणि नथ्थू वाफे तुडवत, मुळ्यांची पर्वा न करता, नदीकडं धावत सुटला. काठावर येऊन त्यानं छातीभर श्वास घेतला.

"हाव!" तो ओरडला.

खालच्या अंगाला धुणं धुणाऱ्या बायांनी हात थांबवून वर पाहिलं.

"हाव! येतो! बापाले घेऊन येतो!"

पंचफुलाला काहीतरी उत्तर द्यायचं होतं. जन्मात पहिल्यांदा तिच्या जिभेवर काहीच आलं नाही. तिनं पदर तोंडात धरला आणि जोरजोरात मान हलवली.

ती घरी आली, तेव्हा गिरजाबाई दारातच उभी होती. आवाज इथवर आलेला दिसत होता.

"काय म्हणत होता वं थो?"

"काई नाई," पंचफुला ठकीला उचलून घेत म्हणाली. "बोका पोचला म्हणते."