साळूबाईच्या कोपीचं दार

"सोमवारी चौकशीच्या अहवालावर सह्या होणार," पुष्पावती गुंजाळ म्हणाल्या. "विमान ह्यांच्या चुकीनं पडलं, असं लिहिलंय. सासरे लाजेनं सावेडीतल्या घराबाहेर पाऊल टाकत नाहीत."

खासगी तपासनीस काकासाहेब निमसे यांनी कॅलेंडर पाहिलं. शुक्रवार. त्यांचा मदतनीस गोरक्ष यानं जीपची किल्ली उचलली. विचार करायची वेळ आली की तो किल्लीच उचलायचा.

१९७०च्या दिवाळीनंतर मुंबईहून नागपूरला निघालेलं जेट विमान सकाळी दहाला शेवगावजवळच्या माळावर कोसळलं होतं. कुणी वाचलं नाही. पुष्पावतींचे पती, वैमानिक कॅप्टन गुंजाळही नाहीत. सगळे अवशेष मिळाले, फक्त शेपटीच्या पंखाचा पुरुषभर तुकडा मिळाला नव्हता.

"गावकऱ्यांनी चोरला," चौकशी अधिकारी वैतागून म्हणाले. "घरन् घर झडती घेतली. दोघांना कोठडीत टाकलं. विमान जमिनीला टेकेपर्यंत अखंड होतं, निमसे. वैमानिकानं नको तितकं खाली आणलं."

"पाहिलं कुणी?"

"एका म्हातारीनं. तिचं काय धरून बसता?"

ती म्हातारी, भागूबाई, शेळ्या राखत बसली होती. गावात निम्म्या दारांना कुलपं होती.

"आदी मावळतीकडं कडाडलं," ती म्हणाली. "मंग इमान दिसलं, गिरक्या घेत. सायबाला सांगितलं, तर हसला."

"बाकीचे लोक कुठायत?"

"ऊस तोडाया, श्रीगोंद्याला. त्याच दिशी पहाटं गाड्या गेल्त्या. सायेब म्हनला, इमान पडायच्या आदी गेले, त्यांना काय इचारायचं?"

"बरोबरच आहे," गोरक्ष म्हणाला. काकासाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो किल्ली उचलून जीपकडे निघाला.

शनिवारी ते श्रीगोंद्याला उसाच्या फडावर पोचले. उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, दारांना पोत्याचे पडदे. एकाच कोपीला पत्र्याचं दार होतं आणि साळूबाई ते राखेनं घासत होती. आत तान्हं बाळ झोपलं होतं.

"किती नेटकी बाई," गोरक्ष म्हणाला.

तिचा सासरा गहिनीनाथ टोळीचा मुकादम. "आमी काय बी पाह्यलं न्हाई," तो विचारण्याआधीच म्हणाला.

"बैलाच्या गुडघ्याला काय झालं?"

"गावापून तीन कोसावर खिंड हाय. तितं बुजला, गाडी उलटली. निघालो त्याच दिशी."

"मोटारीला बुजला?"

"मोटारीला न्हाई बुजत तो," गहिनीनाथ म्हणाला आणि घाईघाईनं बैलाकडे वळला.

रविवारी काकासाहेबांनी अधिकाऱ्यांना फडावर आणलं. पुष्पावतीही आल्या.

"तुम्ही गावाची झडती घेतलीत, पण निम्मं गाव गावात नव्हतंच," काकासाहेब म्हणाले. "पहाटे निघालेल्या गाड्या दहा वाजता कुठं असतील? गावाच्या पश्चिमेला, तीन कोसांवरच्या खिंडीत. विमानही पश्चिमेकडूनच येत होतं. भागूबाईनं आधी आवाज ऐकला, तोही तिकडूनच. मोटारीला न बुजणारा बैल बुजला, कारण त्याच्यापुढं आभाळातून पत्रा पडला. म्हणजे शेपटी मोडली तेव्हा विमान वरच होतं, अजून कोसळायचं होतं. मोडक्या शेपटीचं विमान वैमानिकानं कसं सावरायचं? आणि कोपीला पत्र्याचं दार कधी कुणी लावतं का?"

अधिकाऱ्यांनी दाराची मोडलेली कड निरखली. ती राखेनं घासून लख्ख झाली होती. "हे का मोडलं, ते आता सांगता येणार नाही. आणि खिंडीतच पडलं, याला साक्षी कोण?"

गहिनीनाथानं मान खाली घातली. "आमाला कोठडीत घाताल. टोळीचा हंगाम जाईल."

काकासाहेब चडफडले. एवढं हाती येऊन सगळं एका भित्र्या माणसापाशी अडलं होतं.

पुष्पावती बाळाकडे पाहत होत्या. साळूबाईनं त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं.

"मी सांगते," साळूबाई म्हणाली. "माज्या म्होरं पडला. लेकराला वारा लागत हुता, म्हनून मीच गाडीत घातला. घाला मला कोठडीत."

तिला कुणी कोठडीत घातलं नाही. दार मात्र गेलं आणि त्या जागी पोतं आलं.

सोमवारी अहवालावर सह्या झाल्या. "अपघाताचं कारण अज्ञात," काकासाहेबांनी वाचलं आणि कागद टेबलावर आपटला. "इतकं दाखवूनही अज्ञात!"

पुष्पावतींनी तो कागद उचलला, पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि नीट घडी घातली.

"सासऱ्यांना वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "ह्यांचं नाव आता कुठंच नाही."