काठावरचा टवका

"खाली ठेवा ती! ...अलगद... दोन्ही हातांनी!"

जुन्या वस्तूंच्या दुकानात एखाद्या तरुणीनं असं एकदम ओरडावं, आणि जिच्याकडे बघून ती ओरडली ती फुलदाणी नेमकी जगातल्या पहिल्या नंबरच्या घाबरटाच्या हातात असावी — मग व्हायचं तेच झालं. नारिंगी काचेची ती फुलदाणी त्याच्या हातून निसटली. त्यानं ती कशीबशी पोटाशी धरून सावरली. पण मदतीला झेपावलेल्या त्या तरुणीचा चष्मा मात्र फरशीवर आपटला आणि दांडी वेगळी झाली.

नशीब एवढंच, की तो चष्मेवाला होता. बाजारातलं चष्म्यांचं दुकान अर्धं त्याचं, अर्धं त्याच्या ताईचं. किल्ल्यांच्या जुडग्याला बारीक स्क्रूड्रायव्हर कायम लटकलेला असायचा. गुडघे टेकून त्यानं तिळाएवढा स्क्रू शोधला, दांडी बसवली आणि चष्मा तिच्या हातात दिला. त्या गडबडीत बोटांना बोटं लागली, आणि बराच वेळ त्याला आपली बोटं कुठं ठेवावीत ते कळेना.

"मी हिच्यात छत्र्या ठेवणार होतो," तो अपराध्यासारखा म्हणाला.

"छत्र्या! अहो, इंग्लंडची आहे ही. साठेक वर्षांपूर्वीची. साच्याला आतून झाडाची साल लावायचे आणि त्यात तापलेली काच फुंकायचे. हात फिरवून बघा."

खरंच, सालीसारखीच खरबरीत लागत होती. मग तिनं डोळे मिटले आणि काठावरून एक बोट सावकाश फिरवलं. ती बेकरीत केकवर साखरेच्या पाकळ्या काढायची; तेच बोट ते, जराही थरथरलं नाही. तो बघतच राहिला.

"डोळे मिटून काय बघता?"

"काठ घासलाय का ते. टवका उडाला की काही विक्रेते अख्खा काठच घासून सारखा करतात. डोळ्यांना कळत नाही, बोटाला कळतं." तिनं फुलदाणी खाली ठेवली. "मला एकानं अशीच घासलेली दिली होती. माहीत असून. त्याच्याशी लग्न ठरलं होतं माझं."

"मग...?"

"मग काय! जो काठाबद्दल खोटं बोलतो, तो पुढं कशाकशाबद्दल बोलेल? मोडलं."

नारिंगी फुलदाणी त्यानं तिलाच घेऊ दिली. त्यानंतर तिच्या चष्म्याला काय झालं कोण जाणे. दर आठ-दहा दिवसांनी दांडी सैल. ती दुकानात यायची, स्टुलावर बसायची, आणि तो स्क्रू आवळत असताना फुलदाण्यांबद्दल बोलायची. निळी मिळाली, करडी मिळाली, पण वांग्याच्या रंगाची काही मिळत नाही. तशा फार थोड्या निघाल्या होत्या म्हणे, तिनंही फोटोतच पाहिलेली. ती गेली की ताई चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघायची.

"स्क्रू इतक्यांदा आपोआप सैल होतात होय रे?"

"माझंच काम कच्चं असणार, ताई..." तो रडवेला व्हायचा, आणि पुढच्या वेळी आणखी जाड स्क्रू शोधून ठेवायचा.

एकदा जाता जाता ती दारात थबकली. "येत्या रविवारी या ना माझ्याकडे. सगळ्या फुलदाण्या दाखवते. आजवर कुणाला दाखवल्या नाहीत... भिऊ नका, ओरडणार नाही मी."

आणि त्याच आठवड्यात, एका निवृत्त शिक्षिकाबाईंना घरपोच चष्मा द्यायला गेला असताना, त्याला ती दिसली. वांग्याच्या रंगाची! स्वयंपाकाच्या ओट्यावर, पळ्या-चमच्यांनी गच्च भरलेली.

"बाई, ही फार दुर्मिळ आहे हो," त्यानं प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

"असेल. मला तिच्यात चमचा सापडत नाही. घेऊन जा तू."

सबंध रस्ताभर त्यानं ती छातीशी धरून आणली. समोरून सायकल आली की भिंतीला चिकटायचा. दुकानात पोचला तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. ओशटपणा जावा म्हणून मागच्या बेसिनवर तो ती धुवायला लागला, आणि तेवढ्यात दारातून तिचा आवाज आला, "आहेत का चष्मेवाले?"

टक्.

नळाला काठ लागला होता. नखाएवढा टवका बेसिनमध्ये पडला. त्यानं फुलदाणी फडक्याखाली लपवली आणि बाहेर येऊन तिच्या चष्म्याची दांडी आवळली. ती काय बोलली त्यातलं त्याला अक्षर ऐकू आलं नाही.

"तोंड का उतरलंय तुमचं? रविवारचं लक्षात आहे ना?"

"आहे... आहे ना."

ताईनं टवका पाहिला आणि सरळ चष्म्याच्या काचा घासायच्या मशीनकडे बोट दाखवलं. "त्यात काय एवढं! दोन मिनिटांचं काम. तुझ्याइतका सफाईदार हात गावात कुणाचा नाही. तिच्या बोटालासुद्धा कळणार नाही बघ."

हेच तर! खरंच कळलं नसतं. त्यानं मशीन सुरू केलं. चाक फिरायला लागलं, त्यावर पाण्याची धार पडायला लागली. काठ चाकाच्या अगदी जवळ नेला... आणि त्याला ते मिटलेल्या डोळ्यांनी फिरणारं बोट आठवलं. सांगितलं तर ती जाणार. नाही सांगितलं तर ती राहील, पण मग जन्मभर त्या बोटाकडे बघायचं कसं? त्यानं मशीन बंद केलं. तो टवका मात्र लेन्सच्या कागदी पाकिटात जपून ठेवला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रविवारी तिच्या खोलीत दुपारचं ऊन फळ्यांवर आलं होतं. नारिंगी, निळ्या, करड्या फुलदाण्यांतून रंग भिंतीवर सांडले होते. त्याला त्यातलं काही दिसत नव्हतं. वाटेत पाठ केलेलं सगळं बोलणं तो विसरला होता. तिनं त्याच्या हातातलं पुडकं घेतलं आणि सोडलं.

"अगं बाई...!" तिनं ती उजेडात धरली. "ही... ही कुठं मिळाली तुम्हाला?"

त्यानं तोंड उघडलं, पण तिनं डोळे मिटलेही होते. बोट काठावर टेकलं, फिरायला लागलं. अर्धा काठ झाला. पाऊण झाला...

"थांबा! बोट कापेल!"

त्यानं तिचा हात धरला होता. तिनं डोळे उघडले.

"टवका उडालाय तिथं. माझ्याच हातून, नळाला लागून. तुम्ही दारात आलात आणि मी... आल्या आल्याच सांगणार होतो, धीर झाला नाही." त्यानं खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "हा तो तुकडा."

तिनं पाकीट उघडून तुकडा तळहातावर घेतला.

"तुमच्याकडे मशीन आहे ना?"

"आहे."

"मग घासलंत का नाही?"

"सुरू केलं होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "खोटं कशाला सांगू? काठ जवळही नेला होता. मग तुमचं बोट आठवलं. मला तुम्ही आवडता... फार. म्हणूनच नाही जमलं."

ती उठून आत गेली. आतून कप्पा ओढल्याचा आवाज आला. संपलं, पुडकं बांधायला दोरा आणायला गेली असणार, त्याला वाटलं.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक बारीक स्क्रूड्रायव्हर होता.

"आपण भेटलो त्याच आठवड्यात घेतला हा," ती म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "दांडी मीच सैल करायचे. दर वेळी. तुम्ही इतकं खरं बोललात, मग मी तरी लपवून कशी ठेवू?"

"तुम्ही? आणि मी मेला जाड स्क्रू शोधत फिरत होतो!"

"माहितीय! ते जाड स्क्रू सोडवताना नखं तुटली माझी." दोघंही हसायला लागली. हसता हसता तिनं ती फुलदाणी मधल्या फळीवर ठेवली, टवका अगदी समोर येईल अशी.

"मागं फिरवा ना... दिसतोय तो."

"दिसू दे. माझ्या घरात काठ घासायचा नाही, टवका मागंही फिरवायचा नाही." तिनं चष्मा काढला, स्क्रू फिरवला आणि सुटलेल्या दांडीसकट तो त्याच्या हातात ठेवला. "आता बसवून दे. जरा जवळ ये, मला लांबचं दिसत नाही."

त्यानं दांडी जागेवर लावून स्क्रू बसवायला घेतला.

"घट्ट बसवू... की थोडा सैल ठेवू?"

"घट्ट बसव," ती म्हणाली. "आता यायला निमित्त कशाला लागतंय मला?"