मी थांबलो तेव्हा विंगेतून...

मी गोष्टी रचणारा माणूस नाही. चाळीस वर्षं गावातले नळ दुरुस्त केले. हे घडलं तेव्हा मी दारूचा थेंब घेतला नव्हता, आणि साठ माणसं समोर बसून जेवत होती.

१८ ऑगस्ट २०१७, शुक्रवार. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या आमच्या डनेली गावाचा हॉल.

आमची हौशी नाटकमंडळी दर हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे ऑगस्टात, जेवणासकट तीन एकांकिका करते. आधी सूप, मध्ये भाजलेलं मटण, शेवटी गोड.

माझी बायको बेरिल तिथे बावीस वर्षं प्रॉम्प्टर होती. नट विसरलाय की मुद्दाम थांबलाय, हे ती त्याच्या श्वासावरून ओळखायची. मुद्दाम थांबलेल्याला वाक्य दिलं की नाटक मेलं, म्हणायची. ती एकदाही चुकली नाही.

बेरिल त्याच वर्षी जूनमध्ये गेली, हॉस्पिटलात. मी तालमीला होतो. "जा रे, माझं तोंड बघत बसू नकोस," असं तीच म्हणाली होती. तालमीत फोन बंद ठेवायची आमची पद्धत. हॉस्पिटलात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं.

नर्स म्हणाली, "शेवटी त्या काहीतरी विचारत होत्या. पुन्हा पुन्हा. आम्हाला नीट कळलं नाही."

काय विचारत होती?

मला एवढंच हवं होतं.

नाटकातलं काम सोडतो म्हटलं, तर आमचा दिग्दर्शक क्लाइव्ह म्हणाला, "घरी बसून भिंती चाटणार आहेस का, म्हाताऱ्या? ये गुपचूप."

दुसरी एकांकिका माझी. मी हेन्री. टेबलाशी बसून कोणाच्या तरी पावलांचा कानोसा घ्यायचा, मनात दहापर्यंत मोजायचं, मग पुढचं वाक्य.

त्या शुक्रवारी मोजायला लागलो. समोरचे काटेचमचे थांबले.

सहा... सात...

"आलास का, डेस?"

डाव्या विंगेतून. हळू, कोरडं. वाक्य देतात तसं.

हेन्री नाही. डेस. माझं नाव.

आवाज बेरिलचा होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो गं."

लोक हसले. त्यांना ते नाटकातलंच वाटलं.

मग पुन्हा... त्याच सुरात...

"आलास का, डेस?"

"आलो. इथेच आहे."

"आलास का, डेस?"

पुढची वाक्यं कशी म्हटली, आठवत नाही.

पडदा पडल्यावर क्लाइव्ह तणतणत आला. "ग्लेनिस कुठाय? मध्येच कसली वाक्यं देते ही?"

ग्लेनिस, आमची नवी प्रॉम्प्टर, स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "मी कुठली? ग्रेव्ही करपत होती म्हणून मला आत बोलावलं. म्हटलं, डेसचं पाठ आहे."

क्लाइव्हने विंगेतल्या खुर्चीकडे पाहिलं.

गोड वाढताना पुढच्या टेबलावरची एक बाई म्हणाली, "तुमची प्रॉम्प्टर दमलेली दिसते. एकच वाक्य तीनदा."

शनिवारी पुन्हा प्रयोग होता. घरचे सगळे नको म्हणाले. मी गेलो. या वेळी ग्लेनिसला खुर्चीतून हलू दिलं नाही.

पाच... सहा...

"आलास का, डेस?"

मी विंगेत पाहिलं. ग्लेनिसने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. मी नाही, असं मान हलवून सांगत होती. आवाज तिच्या शेजारून येत होता.

मी उठलो. नाटक तसंच सोडून विंगेत गेलो. त्या अंधारात तोंड घालून ओरडलो, "बेरिल, मी आलोय. ऐकतेस का? आलोय मी."

मी उत्तराची वाट पाहिली...

मग अगदी कानाशी...

"आलास का, डेस?"

माझा श्वास अडखळलेला जिला विंगेतून कळायचा, तिला माझं ओरडणं ऐकू येत नव्हतं.

ती काय विचारत होती, ते मला कळलं. उत्तरही दिलं. पोचलं नाही.

क्लाइव्ह दर वर्षी विचारतो, काम करणार का. मी नाही म्हणतो. आता हॉलच्या रस्त्याने गाडीही नेत नाही.

हॉल रिकामा असतो तेव्हा ती विचारायची थांबते का, ते मला माहीत नाही.